घरी बनवलेली केबल : यंत्राशी बोलण्याच्या हक्काचा छोटा इतिहास

कारखान्यातले एखादे यंत्र मुके होण्यासाठी आग लागावी लागत नाही. त्याच्या नियंत्रकातील साडेतीन व्होल्टच्या आसपासची, बोटभर लिथियम बॅटरी संपावी आणि त्याच रात्री वीज जावी, एवढे पुरे. १९८० आणि १९९०च्या दशकांतील अनेक छोट्या नियंत्रकांमध्ये यंत्राच्या हालचालींचा सारा क्रम बॅटरीच्या आधाराने टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेला असे. वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्या की तो क्रम पुसला जाई. मोटारी शाबूत, झडपा शाबूत, वायरिंग शाबूत. पण कोणती झडप कधी उघडायची हे सांगणारे आत काहीच उरत नसे.

यावर उपाय साधा होता. बॅटरी संपण्यापूर्वी आतल्या क्रमाचा उतारा संगणकावर काढून ठेवायचा. त्यासाठी लागे एक केबल. ती बहुधा यंत्र पुरवणाऱ्याच्या अभियंत्याजवळ असे, कारखान्याजवळ नसे. मग कुणीतरी बाजारातून चार सुटे भाग आणून ती टेबलावर बसून बनवी. हा धागा त्या केबलविषयी आहे.

सुरुवात अमेरिकेतील मोटार उद्योगापासून करावी लागते. १९६०च्या दशकात मोटारी बनवणाऱ्या यंत्रांचे नियंत्रण रिलेंच्या भल्या मोठ्या पॅनेलांतून होई. मोटारीचे मॉडेल बदलले की पॅनेलचे वायरिंग उकलून नव्याने करायचे; त्यात आठवडे जात. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने या रिलेंना पर्याय मागितला. त्याच वर्षी, १ जानेवारीला, डिक मोर्ले या अभियंत्याने अशाच एका उपकरणाचे टिपण लिहून ठेवले होते. बेडफर्ड असोसिएट्स या त्याच्या संस्थेचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून उपकरणाचे नाव पडले ०८४. कंपनीचे नाव झाले मॉडिकॉन. १९६९ पासून हे नियंत्रक कारखान्यांत पोहोचू लागले. आज ज्याला सारे पीएलसी म्हणतात, त्याचा हा पूर्वज.

त्याची भाषा मुद्दाम वायरमनला कळेल अशी ठेवली होती. रिलेच्या आकृतीत जशा दोन उभ्या रेषा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या असतात, तशीच शिडीची आकृती काढायची आणि ती नियंत्रकात भरायची. इथवर सारे उदार होते. पण ‘भरायची कशी?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके उदार नव्हते. त्यासाठी स्वतंत्र उपकरण लागे आणि ते नियंत्रक बनवणारी कंपनीच विकत असे. सीमेन्सने १९७९ साली सिमॅटिक एस-५ ही मालिका आणली, तेव्हा तिच्याबरोबर पडदा असलेले प्रोग्रॅमिंग उपकरणही आले. जर्मन भाषेतील नावाची आद्याक्षरे घेऊन अशा उपकरणांना ‘पीजी’ म्हणत. नियंत्रक भिंतीवर कायमचा बसलेला, आणि त्याच्याशी बोलणारी पेटी मात्र पाहुण्यासारखी यायची आणि जायची.

एस-५च्या पंधरा पिनांच्या जोडणीतून जो संवाद चाले, त्याची मुळे तारायंत्राच्या काळातली आहेत. टेलिप्रिंटरच्या तारेत सतत एक ठरावीक प्रवाह वाहता ठेवत. प्रवाह आहे म्हणजे एक, प्रवाह तुटला म्हणजे शून्य. १९६३च्या टेलिटाइप मॉडेल ३३च्या पिढीत हा प्रवाह २० मिलिअँपिअरचा होता. या पद्धतीचा मोठा गुण असा, की तार स्वस्थ असतानाही प्रवाह वाहतच असतो. त्यामुळे तार कुठे तुटली तर ते ताबडतोब कळते. कारखान्यातल्या विद्युत गोंगाटातही ती तग धरते. म्हणून टेलिप्रिंटर कचेऱ्यांतून हद्दपार होत असतानाही त्यांचे ते २० मिलिअँपिअर पोलादाच्या आणि सिमेंटच्या कारखान्यांत पुढे कितीतरी वर्षे वाहत राहिले. वेग मोजण्याचे एकक ‘बॉड’ हेही त्याच वंशातले. एमिल बोडो या फ्रेंच तार-अभियंत्याने १८७४ साली आपल्या तारपद्धतीचे पेटंट घेतले होते. एकक त्याच्या नावाचे.

घरगुती संगणकाला मात्र ही भाषा येत नव्हती. त्याची भाषा होती आरएस-२३२. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० साली टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी हे मानक आणले. त्यात प्रवाहाऐवजी व्होल्टेज पाहतात, आणि तेही उलटे: उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे शून्य. १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर ही जोडणी टेबलावर आली. १९८४च्या एटी मॉडेलबरोबर पंचवीस पिनांऐवजी नऊ पिनांचा छोटा कनेक्टर रूढ झाला. पुढच्या वीस वर्षांत जगातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकाच्या पाठीला तो होता.

येथे इतिहासाला एक वळण मिळाले, आणि कुणी ते ठरवून घडवले असे म्हणता येत नाही. संगणक स्वस्त झाल्यावर प्रोग्रॅमिंगची महागडी पेटी अनावश्यक ठरली; तिचे काम एका सॉफ्टवेअरने भागू लागले. उरली ती फक्त केबल. सारा मक्ता त्या दीड-दोन मीटरच्या तारेत येऊन बसला. आणि तारेवरचा मक्ता टिकवणे पेटीवरच्या मक्त्यापेक्षा फार अवघड असते, कारण तार उघडून पाहता येते.

उघडून पाहिल्यावर काय दिसे? बहुतेक वेळा फारच थोडे. काही कंपन्यांच्या केबलींत नुसत्या तीन तारा असत: पाठवण्याची, घेण्याची आणि सामाईक ग्राउंडची. ॲलन-ब्रॅडलीच्या मायक्रोलॉजिक्स या छोट्या नियंत्रकाची गोल, आठ पिनांची जोडणी आतून आरएस-२३२च बोलत असे. तिथे कनेक्टर मिळवणे हेच काय ते काम. इतरत्र मध्ये दुभाषा लागे.

तो दुभाषा १९८७ साली स्वस्त झाला. त्याआधी संगणकाचे अधिक-उणे व्होल्टेज तयार करायचे तर १४८८ आणि १४८९ या जोडीच्या चिप लागत आणि त्यांना अधिक १२ व उणे १२ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा द्यावा लागे. छोट्या केबलीच्या आत हे बसवणार कुठे? मॅक्सिम या अमेरिकन कंपनीने आणलेली मॅक्स-२३२ ही सोळा पायांची चिप केवळ ५ व्होल्टांवर चाले. बाहेर जोडलेल्या चार छोट्या कपॅसिटरांत ती विद्युतभार भरते, त्यांची जोडणी उलटसुलट करते आणि त्यातूनच अधिक १० व उणे १०च्या आसपासचे व्होल्टेज उभे करते. घरी केबल बनवण्याच्या इतिहासात एकाच वस्तूला मान द्यायचा झाला तर तो या चिपला द्यावा लागेल. नियंत्रकांच्या इतिहासावरच्या लेखनात तिचा उल्लेख क्वचितच येतो, हे जरा अन्यायाचे आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मित्सुबिशीची एफएक्स मालिका आशियातील छोट्या यंत्रांमध्ये फार पसरली. वेष्टनयंत्रे, प्लास्टिकचे मोल्डिंग, कापडाची यंत्रे, जिथे दहा-वीस रिलेंची जागा घ्यायची तिथे ती दिसते. तिची प्रोग्रॅमिंगची जोडणी आरएस-४२२ या मानकाची. हे मानक १९७५चे. यात प्रत्येक संकेतासाठी तारांची जोडी असते आणि अर्थ दोन तारांमधल्या फरकात असतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे फरकात तो उरत नाही. म्हणून हा संकेत बाराशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. कंपनीची अधिकृत केबल होती एससी-०९. तिच्या एका टोकाला संगणकाचा कनेक्टर, मध्ये रूपांतराचा डबा आणि दुसऱ्या टोकाला जुन्या नियंत्रकांसाठी पंचवीस पिनांचा व नव्यांसाठी आठ पिनांचा गोल मिनी-डिन.

घरच्या केबलीत त्या डब्याची जागा तीन चिप घेत. एक मॅक्स-२३२, आणि ७५१७६ या आठ पायांच्या दोन चिप. ७५१७६ ही खरे तर आळीपाळीने बोलणारी आणि ऐकणारी चिप. पण दोन घेतल्या, एकीला कायमची बोलती केली आणि दुसरीला कायमची ऐकती केली, की आरएस-४२२ तयार. वीज वेगळी द्यावी लागत नसे. नियंत्रकाच्या त्याच गोल जोडणीतील एका पिनेवर ५ व्होल्ट मिळत. गोल प्लग कुठून आणायचा हा प्रश्न असे, त्यावरही जुनी युक्ती होती. ॲपलच्या मॅकिंटॉशने १९८६ पासून आठ पिनांचाच मिनी-डिन वापरला होता, त्यामुळे त्याच्या प्रिंटरची केबल कापून प्लग मिळवता येई. पिनांचा अर्थ मात्र वेगळा, तेव्हा प्रत्येक तार मीटरने तपासून घेणे भाग.

चूक व्हायची ती बहुधा इथेच. प्लग समोरून पाहिला तर पिनांचा क्रम एक दिसतो, डाख देण्याच्या बाजूने पाहिला तर आरशातल्यासारखा उलटा. संकेताच्या जोडीतील दोन तारांची अदलाबदल झाली तर विशेष बिघडत नाही; संवाद होत नाही एवढेच. पण ५ व्होल्टची पिन ग्राउंडला भिडली, तर शॉर्टसर्किटचा झटका थेट नियंत्रकाच्या पुरवठ्याला बसतो. तिथे केबल वाचवायला जाऊन यंत्रच गमावण्याची वेळ येते.

याहून मोठा धोका अदृश्य होता. नियंत्रकाचे ग्राउंड आणि संगणकाचे ग्राउंड यांत कारखान्यात कित्येकदा काही व्होल्टांचा फरक असतो. साध्या केबलीने दोन्ही जोडली की तो फरक तारेतून वाट काढतो आणि कधी संगणकाची जोडणी जळते, कधी नियंत्रकाची. म्हणून चांगल्या केबलीत ऑप्टोकपलर असत. एका बाजूला बारीकसा दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. संकेत उजेडाने ओलांडतो, वीज ओलांडत नाही. अधिकृत केबलीच्या किमतीतला थोडा भाग तरी या सुरक्षेचा होता, हे मान्य केले पाहिजे. घरगुती केबलीच्या कौतुकात हा भाग अनेकदा गाळला जातो.

केबल तयार झाल्यावर तिची परीक्षा कशी घेत, ही यातली सर्वांत रंजक गोष्ट. संगणकावरून वेग ९६००, सात बिट, सम पॅरिटी, एक थांबा-बिट असे ठरवायचे आणि नियंत्रकाला एकच अक्षर पाठवायचे: क्रमांक ५. केबल बरोबर असेल तर उत्तरादाखल क्रमांक ६ येतो. संगणकाच्या अक्षरसंचात ५ म्हणजे विचारणा आणि ६ म्हणजे पोहोच. १९६३ साली हा संच पहिल्यांदा ठरला तेव्हा पाचव्या जागेवरच्या संकेताचे नाव होते ‘कोण आपण?’ टेलिप्रिंटर जोडल्यावर पलीकडे योग्य यंत्रच आहे ना, हे विचारण्यासाठी तो होता. आणि पलीकडचे यंत्र आपले नाव आपोआप टंकून पाठवी. तो प्रश्न तारखात्यातून निघून वेष्टनयंत्राच्या पेटीत येऊन पोहोचला.

तारा जुळल्या तरी व्याकरण उरतेच. मॉडिकॉनने १९७९ साली मॉडबस हा संवादाचा नियम उघडपणे प्रसिद्ध केला आणि आज तो जगभर चालतो. ॲलन-ब्रॅडलीनेही आपल्या डीएफ-१ या नियमाची पुस्तिका छापली. इतरांनी मौन पाळले. एस-५चा एएस-५११ हा नियम लोकांनी तारेवरचे आकडे टिपून, त्यांचा अर्थ लावून उलगडला. पुढच्या एस-७ पिढीसाठी लिबनोडेव्ह ही मुक्त सॉफ्टवेअरची लायब्ररी अशाच कष्टांतून उभी राहिली. मोडीतला एखादा अनोळखी कारकुनी हात वाचायला शिकणाऱ्यांना या कामाची जात ओळखीची वाटेल. आधी वारंवार येणारे मायने ओळखायचे, मग तारीख, मग आकडे, आणि शेवटी मजकूर.

कायद्याने या खटाटोपाकडे कसे पाहिले? युरोपने १९९१च्या संगणक-सॉफ्टवेअरविषयक निर्देशात, दोन प्रणालींचा परस्परांशी मेळ बसवण्यासाठी आवश्यक तेवढी उकल करण्यास काही अटींवर मुभा दिली. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ साली दुरुस्ती होऊन कलम ५२मध्ये अशाच स्वरूपाची तरतूद आली. म्हणजे ज्या काळात ही कामे टेबलाच्या कडेला, थोड्या संकोचाने होत होती, त्याच काळात कायदा त्यांच्यासाठी जागा करत होता. ती तरतूद फार थोड्यांना ठाऊक होती, हा भाग वेगळा.

महाराष्ट्राशी या कथेचा संबंध दोन ठिकाणी येतो. एक बाजाराचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार येथे चिप, कपॅसिटर, कनेक्टर सुटे मिळत. केबल हवी असणाऱ्याची पायपीट इथूनच सुरू होई. दुसरा संबंध उद्योगाचा. पुण्याच्या मेसंग सिस्टिम्सने देशातच पीएलसी बनवले, आणि तिचा तो व्यवसाय २०१२ साली त्याच मित्सुबिशी इलेक्ट्रिकने विकत घेतला.

नियंत्रकातून काढलेला उतारा इतिहासाच्या दृष्टीने कसा असतो, हेही पाहण्यासारखे आहे. तो पूर्ण असतो आणि अपुराही असतो. शिडीची प्रत्येक पायरी येते, प्रत्येक टायमरचा आकडा येतो. पण मूळ लेखकाने लिहिलेली टिपणे त्या पिढीच्या बहुतेक नियंत्रकांत साठवलीच जात नसत. ती त्याच्या फ्लॉपीवर राहत. हाती येते ते असे: अमुक क्रमांकाची इनपुट चालू आणि तमुक क्रमांकाची बंद असेल, तर अमुक आउटपुट चालू कर. ती इनपुट म्हणजे दाराचा स्विच की तेलाचा दाब, हे यंत्राजवळ उभे राहून, एकेक तार हाताने शोधत ठरवावे लागते. लेखकाचे नाव, हेतू, तारीख काहीच नसलेली ही पोथी. तरीही बॅटरी संपलेल्या दिवशी ती कपाटात असणे आणि नसणे यांत कारखान्याच्या कित्येक आठवड्यांचा फरक पडे.

मग संगणकाच्या पाठीवरची ती नऊ पिनांची जोडणीच नाहीशी झाली. १९९६ साली यूएसबी आले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत लॅपटॉपांवरून सिरियल पोर्ट हद्दपार झाला. यूएसबीचे रूपांतर करणारी अडॅप्टर आली, पण जुनी डॉस सॉफ्टवेअरे संगणकातील सिरियल चिपशी थेट, ३एफ८ या ठरावीक पत्त्यावर बोलत असत. अडॅप्टरला तो पत्ताच नव्हता. नव्या सॉफ्टवेअरांनाही यूएसबीच्या मिलिसेकंदांच्या विलंबाने कधी कधी गोंधळात टाकले. त्यामुळे देखभालीच्या कपाटांत नव्वदीतले लॅपटॉप जपून ठेवण्याची रीत पडली.

घरगुती केबल याही बदलातून तरली. मॅक्स-२३२ गेली आणि तिच्या जागी यूएसबीचे थेट रूपांतर करणारी चिप आली. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची चिप यात सर्वांत नावाजलेली, म्हणून तिच्या नकलाही सर्वाधिक. २०१४च्या शरदात या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून घरोघर पोहोचला आणि नकली चिप आढळली की तिचा ओळख-क्रमांक शून्य करू लागला. क्रमांक शून्य झाला की संगणक केबलीला ओळखेनासा होई. दुसऱ्या संगणकावर नेली तरी तेच. आपल्या केबलीत अस्सल चिप आहे की नकली, हे विकत घेणाऱ्यांना, कित्येकदा बनवणाऱ्यांनाही, माहीत नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. नकला करणाऱ्यांवरचा राग समजण्यासारखा होता, पण शिक्षा तिसऱ्यालाच झाली.

२००९ साली सीमेन्सने एस-७-१२०० हा छोटा नियंत्रक आणला, तेव्हा त्याच्यावर कार्यालयात असते तशीच साधी नेटवर्कची जोडणी होती. त्यासाठी केबल बनवण्याचा प्रश्नच उरला नाही; कोणत्याही संगणकाच्या दुकानात ती मिळते. मात्र तिच्यावरून नियंत्रकाशी बोलण्यासाठी लागणारे टीआयए पोर्टल हे सॉफ्टवेअर परवान्याशिवाय चालत नाही, आणि परवाना उघडून पाहण्यासाठी स्क्रूड्रायव्हर लागत नाही.